तगादा

१ एप्रिल २०२४ च्या सोमवारी सकाळी हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसबाहेरच्या टपरीवर आम्ही सात-आठ जण चहा घेत उभे होतो आणि बोलणे एकाच विषयावर चालले होते. एक्सझेड हे फायली लहान करून साठवणारे मोफत सॉफ्टवेअर; त्यात कोणीतरी चोरदरवाजा दडवल्याचे शुक्रवारी रात्री उघडकीला आले होते, आणि ते प्रकरण प्रत्येकाने शनिवार-रविवारी आपापल्या परीने वाचून काढले होते. आमच्या टीममधल्या सर्वांत तरुण सहकाऱ्याने मोबाइलवर २०२२ सालची जुनी पत्रे शोधून काढली होती. एक्सझेड सांभाळणारे लासे कॉलिन यांना वेगवेगळ्या नावांनी लिहिलेली ती पत्रे तो मोठ्याने वाचत होता आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून त्याचा मराठीत अर्थ सांगत होता. दुरुस्त्या पडून पडून सडत चालल्या आहेत, नवा सांभाळणारा आल्याखेरीज इथे काही हलणार नाही, तुम्हाला रस उरलेला दिसत नाही, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या, असा एकूण मजकूर होता. वाचता वाचता त्याचा आवाज चढत गेला. शेवटी माझ्याकडे वळून तो म्हणाला, "सर, असं कोणी लिहितं का? तो बिचारा फुकट काम करतोय आणि ह्यांची घाई बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मीही डोलावली. माझ्या हातातल्या कपातल्या चहावर साय धरली होती आणि तो प्यावासा वाटत नव्हता.

त्यातले एक वाक्य माझ्या ओळखीचे होते. तेच वाक्य मीही कधीतरी लिहिले होते.

कॉलिन यांना नव्हे, आणि त्या पत्रांशी माझा काही संबंधही नाही. मी ते २०१७ च्या मार्चमध्ये दुसऱ्याच एका माणसाला लिहिले होते. पण शब्दांचा क्रम, त्यातली वरवरची सभ्यता आणि तिच्या खालची धार इतकी सारखी होती की माझा सहकारी जणू माझेच पत्र चारचौघांत वाचत आहे, असे मला वाटले. ते वाटणे मग दिवसभर गेले नाही, आणि पुढे कित्येक दिवस गेले नाही.

शुक्रवारी आंद्रेस फ्रॉइंड यांनी या चोरदरवाजाबद्दलचे निवेदन जाहीर केले तेव्हा भारतात रात्रीचे सव्वानऊ वाजून गेले होते. गुड फ्रायडेची सुट्टी होती, जेवणे नुकतीच आटोपली होती, आणि फोन एकापाठोपाठ एक वाजू लागले. आमच्या व्यवसायात बातमी पोहोचते ती अशी. आधी तीन जणांचा एकच प्रश्न येतो आणि मग आपण बातमी वाचतो. एक्सझेडची ५.६.० किंवा ५.६.१ ही बाधित आवृत्ती कुठे बसवली आहे का, एवढेच आधी पाहायचे होते. मी आणि आणखी दोघांनी रात्री दीडपर्यंत एकेक सर्व्हर तपासला. सगळीकडे ५.२ किंवा ५.४ निघाली. ज्या जुनेपणाबद्दल आम्ही एरवी स्वतःलाच बोल लावतो, त्यानेच त्या रात्री आम्हाला तारले. फक्त एका सहकाऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर डेबियन या लिनक्स प्रणालीची अस्थिर, म्हणजे सर्वांत नव्या आवृत्त्यांची, शाखा होती. त्याने दुसऱ्या दिवशी, ऐन रंगपंचमीला, तो पूर्ण पुसून पुन्हा उभा केला. सोमवारी त्याच्या नखांच्या कडांना गुलाबी रंग तसाच होता.

त्या निवेदनातल्या तांत्रिक कौशल्याने मी भारावलो होतो, हे सांगितले पाहिजे. फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता. ते वेगाची मोजमापे करत होते, तेव्हा बाहेरून चुकीच्या नावांनी आत शिरू पाहणाऱ्यांना ताबडतोब नकार मिळत असूनही एसएसएच, म्हणजे सर्व्हरमध्ये दुरून सुरक्षितपणे प्रवेश देणारा प्रोग्राम, त्यासाठी नको तेवढा प्रोसेसर खात आहे, हे त्यांच्या लक्षात आले. ०.३ सेकंदात होणारे काम ०.८ सेकंद घेत होते. अर्ध्या सेकंदाचा तो फरक दुसऱ्या कोणी सोडून दिला असता. काही आठवड्यांपूर्वी एका चाचणीत आलेला एक विचित्र इशारा त्यांना आठवला, आणि दोन्ही धागे जोडत ते एक्सझेडच्या पोटात दडवलेल्या चोरदरवाजापर्यंत पोहोचले. एसएसएच मुळात एक्सझेड वापरतच नाही. काही लिनक्स वितरणांनी सिस्टमडी या सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रणालीशी जुळवून घेण्यासाठी त्यात एक भर घातली होती, सिस्टमडीच्या लायब्ररीला, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडला, एक्सझेडची लायब्ररी लागत होती, आणि एवढ्या लांबच्या नात्याचा फायदा घेऊन ही कळ बसवली होती. विषारी भाग चाचणीसाठी ठेवलेल्या बिघडलेल्या फायलींच्या रूपात लपवला होता, आणि त्याला जागे करणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हती, फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. धोक्याच्या मापनात त्याला १० पैकी १० मिळाले. एप्रिलअखेर यायच्या उबंटू २४.०४ या लिनक्स वितरणाची चाचणी आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलावी लागली. आणखी काही आठवडे हे कोणाच्या लक्षात आले नसते, तर तो दरवाजा जगभरच्या सर्व्हरांवर जाऊन बसला असता.

टपरीवर सोमवारी याच गोष्टींची चर्चा झाली. सुरक्षेचे काम पाहणारा आमचा सहकारी काळवंडल्यासारखा दिसत होता. आणखी कोणत्या लायब्ररीत असे काही असेल, हाच प्रश्न तो निरनिराळ्या शब्दांत विचारत होता. मॅनेजरांना दुपारपर्यंत यादी हवी होती. तरुण मुलांना फ्रॉइंड यांच्यात नायक सापडला होता, आणि तो नायक होण्याच्या योग्यतेचा होताच. एक्सझेडमध्ये चोरदरवाजा घालणारा, जिया टॅन हे नाव घेणारा तो खलपुरुष मुळात एक माणूस होता की अनेक, कोणत्या देशाचा, यावर तर्क चालले होते. पण मला या सगळ्यांपेक्षा ती पत्रेच पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटत होती. रात्री घरी सर्व झोपल्यावर मी ती तारखेनुसार लावून वाचली.

२०२१ च्या ऑक्टोबरात जिया टॅन पहिली लहानशी दुरुस्ती पाठवतो. २०२२ च्या एप्रिलपासून दुसरी माणसे येऊन तक्रार करू लागतात. त्यांतल्या सर्वांत त्रासदायक माणसाचे नाव जिगर कुमार. हे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पोटात काहीतरी हलले. ज्या कोणी हे नाटक रचले, त्याला अधीर, मागे लागणाऱ्या, सतत विचारणा करणाऱ्या पात्राची गरज होती, आणि त्याने त्याला भारतीय वाटेल असे नाव दिले. तो योगायोगही असेल. पण मला तो अपमान वाटला आणि लगेच, दुसऱ्याच क्षणी, तो खोटा ठरवण्याइतका पुरावा आपल्यापाशी नाही हेही जाणवले. ८ जून २०२२ च्या उत्तरात कॉलिन यांनी शांतपणे लिहिले होते की रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक आजारामुळे आणि इतर काही कारणांनी लक्ष घालण्याची शक्ती कमी झाली आहे, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हेही ध्यानात ठेवावे. एखाद्या माणसाने अनोळखी लोकांपुढे इतके उघडे होऊन लिहावे, हे वाचताना आजही गलबलून येते. त्यावर डेनिस एन्स या नावाने उत्तर आले. आजाराबद्दल एक वाक्य खेदाचे, आणि त्याच दमात, स्वतःच्या मर्यादा ओळखायला हव्यात, समुदायाला यापेक्षा जास्त हवे आहे, तेव्हा सांभाळणे दुसऱ्याकडे सोपवण्याचा विचार करावा. पुढे सोपवलेही गेले. ज्याच्याकडे गेले, तो जिया टॅन.

आता २०१७ बद्दल. आमच्याकडे तेव्हा एका पतसंस्थेचे काम होते. खातेउतारे मराठीत छापून द्यायचे होते आणि ३१ मार्चपूर्वी द्यायचे होते. पीडीएफ तयार करणारी एक मोफत लायब्ररी आम्ही वापरत होतो. इंग्रजी उतारा देखणा यायचा. मराठी छापायला घेतला की वेलांट्या घर सोडून पळायच्या. संगणकाच्या पोटात ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते आणि दाखवताना ती अक्षराच्या डावीकडे आणावी लागते. ती लायब्ररी अक्षरे आली तशी एकापुढे एक मांडत होती. 'शिंदे' या आडनावातली वेलांटी श सोडून उजवीकडे जाऊन बसली होती. जोडाक्षरे पाय मोडून स्वतंत्र उभी होती आणि 'शेतकऱ्यांचे' हा शब्द तर वाचताच येत नव्हता. नमुन्याचा कागद हाती घेऊन संस्थेचे वयस्कर हिशेबनीस चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले होते, "साहेब, हे खातेदाराच्या हाती द्यायचं म्हणजे त्याच्या नावाचा अपमान आहे." त्यांचे बोलणे मला लागले होते आणि ते अगदी खरे होते.

मी त्या लायब्ररीच्या कर्त्याला लिहिले. पहिले पत्र बरे होते. चौथ्या दिवशी 'काही प्रगती?' असे लिहिले. आठव्या दिवशी लिहिले की हे आमच्या ग्राहकासाठी अत्यंत तातडीचे आहे, आणि आपल्याला या प्रकल्पाकडे लक्ष देणे जमत नसेल तर कृपया तसे सांगावे व तो दुसऱ्या कोणाकडे द्यावा. 'कृपया' हा शब्द मी घातला होता. त्या वेळी मला ते पत्र सौम्य वाटले होते आणि टीम लीडने ते वाचून "आणखी जरा कडक लिहा" असे सांगितल्याचेही आठवते. अकराव्या दिवशी उत्तर आले. त्या गृहस्थांनी लिहिले होते की आई रुग्णालयात असल्याने उशीर झाला, क्षमस्व. त्यांना ही लिपी वाचता येत नाही, त्यामुळे मी पाठवलेल्या चित्रात काय चुकले आहे हे त्यांना दिसत नव्हते. जिथे जिथे गडबड होते असे पंधरा-वीस शब्द त्यांना हवे होते, आणि प्रत्येकापुढे योग्य रूप कसे दिसते हे. तेवढे मिळाले तर ते प्रयत्न करणार होते.

तोवर आम्ही दुसरा मार्ग काढला होता. उतारा आधी ब्राउझरमध्ये मांडायचा आणि तिथून पीडीएफ घ्यायची. क्रोम आणि फायरफॉक्सच्या पोटात अक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि तिला मराठी येते. तीही मोफत आणि सर्वांसाठी खुली. वेलांट्या जागेवर आल्या, शिंदे शिंदे झाले, हिशेबनिसांनी कागदावर बोट फिरवून 'आता कसं' असे म्हटले, आणि आम्ही मोकळे झालो. त्या गृहस्थांना मी उत्तर दिले नाही.

पंधरा-वीस शब्द होते ते.

मी दुष्टपणाने थांबलो नाही. खरे कारण त्याहून वाईट आहे. माझी गरज संपली होती. पुढच्या कामाची मुदत सुरू झाली होती आणि तो माणूस माझ्या डोक्यातून निघून गेला. आमच्या ऑफिसांत दिवसभर एकच वाक्य फिरत असते, 'एनी अपडेट?' परदेशातला ग्राहक ते मॅनेजरला विचारतो, मॅनेजर लीडला, लीड आम्हाला. प्रत्येक पायरीवर त्याला थोडी धार येते. वड्याचे तेल वांग्यावर निघते, हे आपल्याकडे घराघरांत माहीत आहे, पण या उतरंडीच्या तळाशी कोण असते हे मी कधी पाहिले नव्हते. वरच्या प्रत्येकाला निदान पगार असतो. मी तो दाब जिथे नेऊन ओतला तिथे पगार नव्हता, करार नव्हता, ओळखही नव्हती. आम्ही त्यांचे फुकट घेत होतो, म्हणजे देणेकरी आम्ही, आणि तगादाही आम्हीच लावत होतो. कर्जदाराने सावकाराच्या दारात बसून तगादा लावावा, असे जगात दुसऱ्या कुठल्या व्यवहारात घडत असेल, असे मला वाटत नाही.

माझ्यापुरतीच ही गोष्ट असती तर मी ती मनातच ठेवली असती. २०१४ मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली त्रुटी उघडकीला आली, तेव्हा जगाच्या निम्म्याअधिक सुरक्षित व्यवहारांचा भार वाहणाऱ्या ओपनएसएसएलवर पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि थेट देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर मिळत होत्या, हे कळून सगळे हळहळले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या घडामोडींच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत मोठी त्रुटी सापडली, तेव्हा ती सांभाळणारे स्वयंसेवक रात्र रात्र जागून दुरुस्त्या देत होते आणि वरून बोलणीही खात होते. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या कर्ल या मोफत प्रोग्रामचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांना एका मोठ्या कंपनीकडून पत्र आले की लॉगफोरजेच्या संदर्भातल्या या प्रश्नांची उत्तरे २४ तासांच्या आत द्यावीत. त्यांचा लॉगफोरजेशी संबंध नव्हता आणि त्या कंपनीने त्यांना कधी काही दिलेलेही नव्हते. आपण मदतीचा करार करू, मग उत्तरे आनंदाने देईन, असे त्यांनी कळवले. ती बातमी वाचून मी त्या कंपनीवर मनापासून संतापलो होतो. तेव्हाही मला माझे पत्र आठवले नाही. ते आठवायला आणखी सव्वादोन वर्षे आणि एका तरुण मुलाचा चढलेला आवाज लागला.

एक्सझेडच्या पत्रांकडे पाहताना मला सर्वांत जास्त टोचते ते हे की ती खोटी होती, तरी कॉलिन यांना ती खरी वाटली, कारण खरी पत्रेही तशीच असतात. शेकडो साव माणसांनी आपल्या नेहमीच्या घाईतून जी भाषा रूढ केली, तीच भाषा चोरांनी अंगावर चढवली आणि ती ओळखू आली नाही. आणि त्याहून कठीण गोष्ट अशी की त्या थकलेल्या माणसाच्या मदतीला खरोखर जो आला, दोन वर्षे ज्याने दुरुस्त्या केल्या, चाचण्या लिहिल्या, उत्तरे दिली, तो चोर होता. एक्सझेड जगभर वापरणारे आम्ही साव लोक त्या दारावरून रोज जात होतो आणि कोणी आत डोकावले नाही. जिया टॅनबद्दल मला राग आहेच. पण त्याने जी रिकामी जागा हेरली, ती त्याने तयार केलेली नव्हती. कॉलिन यांनी त्यानंतर सगळा कोड पुन्हा तपासला आणि २९ मे २०२४ ला ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती दिली, म्हणजे बातमीनंतर बरोबर दोन महिन्यांनी. त्या दोन महिन्यांत ते काय भोगत असतील, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी ती जुनी तक्रार शोधून काढली. ती अजून उघडीच होती. तळाशी त्या गृहस्थांचे उत्तर, पंधरा-वीस शब्दांची विनंती, आणि त्याखाली सात वर्षांची मोकळी जागा. लायब्ररी चालू होती. कुठे कुठे एखादी लहान दुरुस्ती झालेली दिसत होती. मी ताबडतोब लिहायला बसलो आणि थांबलो. आता काळ बदलला होता. १५ एप्रिलला खुल्या सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या ओपनएसएसएफ आणि ओपनजेएस या दोन संस्थांनी सर्व प्रकल्पांना सावध केले होते की अनोळखी माणसे गोड बोलून, चिकाटीने मागे लागून प्रकल्पात शिरण्याचा प्रयत्न करत आहेत. माझे खाते जुने असले तरी माझे सगळे काम कंपनीच्या भिंतींआड झालेले. बाहेरच्या जगात माझ्या नावावर दाखवण्यासारखे काही नाही. सात वर्षे गप्प असलेला माणूस अचानक मदत देऊ करतो, तेही या महिन्यात. मी त्यांच्या जागी असतो तर संशय घेतला असता. नमुन्याच्या पीडीएफ आणि फॉन्टच्या फायली जोडायचे मी ठरवले होते, तेही रद्द केले. एक्सझेडचे विष नेमके अशाच, चाचणीसाठी म्हणून दिलेल्या आणि कोणी उघडून न वाचलेल्या फायलींत होते. मग मी ठरवले की फक्त साधा मजकूर द्यायचा. शब्द, त्यातल्या प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक, आणि कोणते चिन्ह कुठे दिसायला हवे याचे सोप्या इंग्रजीत वर्णन. कोणत्याही ब्राउझरमध्ये तो उघडला की बरोबर रूप त्यांना स्वतःच दिसेल, माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागणार नाही. हे सगळे मला २०१७ मध्येही करता आले असते, आणि फार तर एक तास लागला असता.

संध्याकाळी ऑफिस रिकामे झाल्यावर मी यादी करत बसलो. शिंदे, स्थिती, क्षत्रिय, ज्ञानेश्वर, कर्ज, शेतकऱ्यांचे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' ही जोडी लिहिताना थोडा वेळ लागला, कारण एकात गुरू आहे आणि दुसऱ्यात स्वयंपाकी, आणि फरक फक्त अर्ध्या र च्या आकारात आहे, हे मराठी न येणाऱ्या माणसाला कसे सांगावे ते सुचेना. तेवढ्यात तो तरुण सहकारी बॅग खांद्याला लावून निघता निघता माझ्या टेबलापाशी थांबला आणि स्क्रीनकडे पाहू लागला. हे काय आहे, असे त्याने विचारले. मी त्याला माझे २०१७ चे पत्र उघडून दाखवले. त्याने ते मनातल्या मनात, हळू वाचले. 'जमत नसेल तर' या ओळीशी त्याची नजर थांबलेली मला दिसली. मग खालचे उत्तर वाचले, आणि त्याखालची तारीख पाहिली. तो काही बोलला नाही. मीही स्पष्टीकरण दिले नाही.

थोड्या वेळाने त्याने बॅग खाली ठेवली, शेजारची खुर्ची ओढली आणि यादीवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

"सर, यात ळ चं एकही उदाहरण नाही," तो म्हणाला. "पोळ्या घ्या. गोळ्या, कळ्या."

मी पोळ्या लिहिले. तो एकेक चिन्हाचा क्रमांक वाचून सांगू लागला.